टाक्यातल्या गवताचा कागद

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. बीपी, गोळ्या, जेवण, झोप, आणि पेशंट काय बोलली ते. वही नवीन घेतली नाही. डेपोतून निवृत्त होताना एक कोरं लॉगबुक सोबत आलं होतं, तेच काढलं. रकाने आखलेले आहेत: वेळ, गाडी क्रमांक, कुठून, कुठे, शेरा. गाडी क्रमांकाच्या जागी बीपी लिहीन.

पेशंट म्हणजे माझी पत्नी पौर्णिमा, वय बावन्न. इथल्याच, समुद्रपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. शिकवत होती. ४ ऑगस्टला सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा उजवा हात खाली आला, मग ती खाली आली. सतरा दिवस सेवाग्रामच्या दवाखान्यात. आता घरी. उजवा पाय ओढत, काठीनं चालते. उजवा हात चालत नाही. ऐकलेलं, वाचलेलं सगळं तिला समजतं असं डॉक्टर म्हणतात. बोलण्यात मात्र एकच शब्द उरला आहे.

बीपी १४६/९२. गोळ्या तिन्ही दिल्या. शब्द: पाणी. दिवसात नऊ वेळा. नऊ वेळा दिलं. सात वेळा तिनं पेला बाजूला सारला.

मी प्रेमदास ताकसांडे, निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी. हे लिहायची गरज नव्हती, पण पहिल्या पानावर नाव लागतं.

३ सप्टेंबर, बुधवार

हिरालाल सर येऊन गेले. शाळेचे मुख्याध्यापक. पौर्णिमाची शाळेत राहिलेली पर्स, चष्म्याचं घर आणि एक वही आणून दिली. चहा घेताना म्हणाले, "ताकसांडे साहेब, सातवीचे पोरं रोज विचारून राह्यले. मॅडमनं त्याईले इजिप्तचा कागद करून दाखवतो म्हटलं होतं. मी सांगून देऊ का, का आता होत नाई म्हणून?"

सांगून द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पौर्णिमानं डाव्या हाताचा तळवा खाटेच्या पाटीवर आपटला. दोनदा. मग म्हणाली, "पाणी. पाणी. पाणी."

मी पाणी आणलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. सर म्हणाले, "राहू द्या, आत्ताच काई सांगत नाई."

बीपी १५२/९४. पाहुणे आले की वाढतं.

७ सप्टेंबर, रविवार

ती झोपते तेव्हा वेळ जात नाही. तिची वही वाचली.

आमच्या घरामागे सिमेंटचं टाकं आहे. दोन वर्षांपूर्वी पौर्णिमानं नागपूरच्या एका नर्सरीतून दोन कंद आणून त्यात लावले होते. मी त्याला गवत म्हणतो. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला हिरव्या केसांचा झुबका. हेच पपायरस. इजिप्तमध्ये नाईल नदीच्या दलदलीत हेच वाढायचं. दांडा गोल नसतो, तीन कडांचा असतो, हे मला आज बोट लावल्यावर कळलं. दोन वर्षं मी त्याच टाक्यापाशी दाढी करतो.

वहीतलं थोडक्यात: वरची हिरवी साल सोलायची. आत पांढरा गर असतो. त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या. एक थर उभा मांडायचा, त्यावर एक आडवा. दाबायचं. वाळवायचं. शिंपल्यानं घासायचं. गोंद लागत नाही. तीन हजार वर्षं त्या लोकांनी हिशेब, पत्रं, प्रार्थना, औषधं, सगळं यावर लिहिलं. पुढे चिंध्यांचा कागद आला आणि ही विद्याच लोक विसरले.

एक गोष्ट तिनं दोनदा अधोरेखित केली आहे. इजिप्तच्या लोकांनी जगातलं सगळं लिहून ठेवलं, पण हा कागद कसा करायचा ते कुठेच लिहिलं नाही. थोडंफार लिहिलं ते एका रोमन माणसानं, तेही ऐकीव. अलीकडच्या लोकांनी चुका करत करत ते पुन्हा शोधलं. आणि सगळ्यात जुनी जी गुंडाळी सापडली आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची, ती कोरी आहे. कोणाच्या तरी थडग्यात ठेवलेली. त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

कोरी कशाला ठेवली असेल, कळत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

काल दोन दांडे कापले. करायला हरकत नाही, असा विचार केला. दाढीच्या ब्लेडनं पट्ट्या काढल्या. अंगठा कापला. पट्ट्या एक रात्र भिजवून सकाळी फळीवर मांडल्या, वर दुसरी फळी, तिच्यावर पाटा. पौर्णिमाची खुर्ची मागच्या दारात ठेवली होती. ती सगळा वेळ पाहत होती.

शब्द: पाणी, चौदा वेळा. हे आजवरचं सर्वात जास्त. डॉक्टरांना विचारायला हवं, तहान वाढणं हे साखरेचं लक्षण असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

फळी उघडली. पट्ट्या सुट्या सुट्या. वाळक्या पडवळाच्या सालीसारख्या. प्रयत्न क्र. १ अयशस्वी.

साखर तपासली. नॉर्मल.

१७ सप्टेंबर, बुधवार

प्रयत्न क्र. २. या वेळी पट्ट्यांच्या मध्ये पांढरा गोंद लावला. चांगला चिकटला. पौर्णिमाच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिनं डाव्या हातानं उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि अंगणात फेकला.

आजारानंतर माणूस चिडचिडा होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तशी नोंद करतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट कळली. ती मला कळायला हवी होती.

शेजारच्या अनुसयाबाई पौर्णिमाला आंघोळ घालायला सकाळी येतात. आज त्या तिची वेणी घालत होत्या, मी पुन्हा पट्ट्या कापत होतो. पौर्णिमा म्हणाली, "पाणी." मी उठलो. अनुसयाबाई म्हणाल्या, "बसा भाऊजी. तिले पाणी नाई पायजे."

"मंग मांगून काऊन राह्यली?"

"तुमच्या त्या गवताले पायजे. एका रातीत कायचं भिजते ते? माही माय शिंदीच्या चटया इनत होती. शिंदीची पाती तीन तीन दिवस पाण्यात राहे. हे तं बोटाएवढं जाड हाय."

मी पौर्णिमाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले आणि मान खुर्चीला टेकवली. जशी गाडी चार तास लेट होऊन शेवटी फलाटाला लागली की प्रवासी टेकवतात.

तिच्या वहीत पाहिलं. मागच्या पानावर होतं: सात दिवस भिजवणे, पाणी रोज बदलणे. ते पान मी उलटलं नव्हतं.

एकूण बेरीज केली. १ तारखेपासून आजपर्यंत एकशे ऐंशीच्या वर वेळा पाणी. त्यातल्या किती वेळा ती गवताबद्दल बोलत होती आणि किती वेळा आणखी कशाबद्दल, हे आता काढता येणार नाही. काही वेळा खरंच तहान असेल.

पट्ट्या मोठ्या टबात भिजत घातल्या. चाळीस.

२४ सप्टेंबर, बुधवार

हिरालाल सरांनी शाळेत बोलावलं होतं. संस्थेच्या सचिवांचं म्हणणं आहे की मॅडमनी वैद्यकीय कारणावरून निवृत्ती घ्यावी, म्हणजे जागा भरता येईल. एक फॉर्म दिला. दोन पानी. खाली सही किंवा अंगठा. ऑक्टोबरअखेर द्यायचा. सर म्हणाले, "मले बी बरं नाई वाटत, पण इतिहास म्हटला का बोलाच लागते. बोलल्याबिना कसं शिकवनार?"

मला ते पटलं. गाडी बंद पडली तर तिला बाजूला घेतात. रस्त्यावर उभी ठेवली तर मागून येणारी धडकते. एकतीस वर्षं मी हेच केलं.

फॉर्म घरी येऊन भरला. माझं अक्षर चांगलं आहे. तिला सध्या सांगितलं नाही. बीपी वाढेल. कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

बीपी १३८/८८. टबातलं पाणी बदललं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सात दिवस झाले. पट्ट्या पिवळसर, आरपार दिसणाऱ्या, टबाच्या तळाशी बसलेल्या. पहिल्यांदा त्या तरंगत होत्या.

पौर्णिमाला खुर्चीसकट टबापाशी नेलं. एकेक पट्टी फळीवर घेऊन लाटण्यानं लाटायची, पाणी काढायचं. ते मी केलं. मांडायचं काम तिनं घेतलं. डाव्या हातानं पट्टी ठेवायची, पुढची तिच्यावर जराशी चढवून. पट्टी सरकू लागली तेव्हा तिनं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि पट्टीच्या टोकावर ठेवला. वजन म्हणून. मग कामाला लागली. दीड तास. मध्ये मी एक पट्टी ठेवली, ती तिनं काढून पुन्हा ठेवली.

वर जुन्या चादरीचा तुकडा, फळी, पाटा, पाट्यावर वरवंटा. कापड रोज बदलायचं.

शब्द: पाणी, तीन वेळा. नाई, एकदा. माझ्या पट्टीच्या वेळी. नवीन शब्द.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी या दिवशी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर असतो. लग्नापासून एक वर्ष चुकलेलं नव्हतं, फक्त आमच्या मुलीच्या जन्माच्या वर्षी. या वर्षी घरीच. अनुसयाबाईंनी पौर्णिमाला पांढरी साडी नेसवली. विहारात पाऊण तास बसून आलो, रिक्षानं.

दुपारी फळी उघडली.

कागद झाला आहे. वीतभर रुंद, दीड वीत लांब, कडा वेड्यावाकड्या, रंग भाकरीच्या पिठासारखा. पट्ट्या सुटत नाहीत. पौर्णिमानं तो खिडकीकडे धरला. उजेडात आडव्या-उभ्या रेघा दिसल्या, चौकटी चौकटी. ती हसली. डावीकडून जास्त.

प्रयत्न क्र. ३ यशस्वी.

मोनालीचा हैदराबादहून व्हिडिओ कॉल. आमची मुलगी, तिथं नोकरीला. आईच्या हातातला कागद पाहून ती रडली. मग मला म्हणाली, "बाबा, आई शाळेत जाऊ शकन ना परत?"

मी म्हटलं, "पाहू." पौर्णिमा माझ्याकडे पाहत होती. फोनचा आवाज मोठा असतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

शब्द आता तीन: पाणी, नाई, हा. कागद चार झाले. एकाला बुरशी लागली, कापड बदलायचं राहिलं होतं, चूक माझी.

वहीत आणखी एक नोंद सापडली. काही वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राच्या काठी काही कागद मिळाले. लिहिलेल्यांत ते सर्वात जुने, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. ते कोणा राजाचे नाहीत. पिरॅमिडसाठी नावेतून दगड वाहणाऱ्या एका मुकादमाचं ते लॉगशीट आहे. आज इथून निघालो, तिथं पोचलो, दगड भरले, मुक्काम केला. महिन्यांमागून महिने.

म्हणजे तो आमच्यातलाच. मी त्याच्याबद्दल बराच वेळ विचार केला. इतक्या नोंदी, पण घरी कोण होतं त्याची एक ओळ नाही, असं पौर्णिमानं बाजूला लिहिलं आहे. तसा रकाना नसेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हे लिहिताना बरं वाटत नाही. पण नोंद खरी ठेवायची.

सकाळी हिरालाल सरांचा फोन. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, तरी सचिव फॉर्म मागून राहिले. जेवणानंतर पौर्णिमा झोपली. मी असा विचार केला: सही घ्यायची तर समजावून सांगावं लागेल. समजावलं तर ती चिडेल. चिडली तर बीपी. अंगठ्याला काही समजवावं लागत नाही. उजव्या हाताचं तर तिला कळतही नाही. आणि हे तिच्याच भल्याचं आहे.

घरात स्टँप पॅड आहे. तिचा उजवा अंगठा मी पॅडवर टेकवला. फॉर्म त्याखाली सरकवला.

तेव्हा अंगठा वाकला. माझ्या बोटाभोवती वाकला आणि धरून राहिला. जोर फार नव्हता. लहान बाळाला असतो तेवढा. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

मी वर पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. कधीपासून उघडे होते माहीत नाही.

फॉर्म कपाटात ठेवला. तिचा अंगठा खोबरेल तेलानं पुसला, शाई पूर्ण गेली नाही.

शेरा: उजव्या अंगठ्यात हालचाल, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. फिजिओथेरपिस्टना कळवणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शब्द: पाणी नाही, नाई नाही, हा नाही. बीपी १५०/९४. गोळ्या दिल्या. पट्ट्या मांडल्या नाहीत.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळी गिरडहून माझा जुना ड्रायव्हर भेटायला आला होता. त्याला स्टँडपर्यंत सोडून परत आलो. साधारण अर्धा तास मी घरात नव्हतो.

मागे टबात पाणी बदलायला गेलो तर पाण्यावर पांढरा थर. हात घातला तर लगदा. त्यात निळ्या शाईचे धागे, माझ्याच अक्षराचे. "अर्जदाराचे पूर्ण नाव" एवढंच वाचता आलं, तेही बोट लावल्यावर फुटलं. खाली पट्ट्या होत्या तशाच, टणक, आठ दिवसांपासून भिजत.

अनुसयाबाई दारातून म्हणाल्या, "मी नाई टाकला भाऊजी काही. मी तं भांडे घासून राह्यली होती."

कपाट उघडं. खाली स्टूल. काठी स्टुलाला टेकवलेली. म्हणजे ती स्टुलावर चढली होती. पडली असती तर काय, हा विचार मला आधी आला. फॉर्मचा नंतर.

पौर्णिमा खाटेवर बसली होती. श्वास लागलेला. डावा हात कोपरापर्यंत ओला, पदरही. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. नोंद जशीच्या तशी:

मी म्हटलं, "तुले शाळेत जायाचं हाय?"

"हा."

"बोलता येत नाई अजून."

"हा."

"पोरं हसतीन. नवे मास्तर काईबाई म्हणतीन."

"हा."

"अन् पुन्हा तसंच झालं, वर्गात, तं?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी तिला थांबवायला हात पुढे केला, तो तिनं झटकला. अनुसयाबाई दारात उभ्याच होत्या. मग आलं.

"विचारलं," ती म्हणाली. श्वास घेतला. "नाई."

पहिलं वाक्य. दोन शब्द. कर्ता नाही, पण कर्ता कोण ते समजत होतं.

मी म्हटलं, "नाई विचारलं. चुकलं."

बीपी मोजलं नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हिरालाल सरांच्या घरी जाऊन आलो. पौर्णिमानं एक कागद दिला होता, आपल्या गवताचा, आठव्या खेपेचा. तो त्यांना दाखवला. त्यांनी उलटा-सुलटा केला, वाकवला, मुलांना बोलावून दाखवला.

मग मी सांगितलं की फॉर्म देणार नाही. ते म्हणाले, "साहेब, फॉर्म शाळेत लय पडून हायेत. प्रश्न फॉर्मचा नाई. मी सचिवाईले काय सांगू?"

स्टँडवर पन्नास माणसं ओरडत असली तरी मला उत्तर यायचं.

मग तेच म्हणाले, "असं करू. डॉक्टरचं पत्र आना, का वर्गात बसू शकते म्हणून. नोव्हेंबरात एक तास देतो, सातवीवर. मी बी बसतो मांगे. जमलं तं पुढचं माह्याकडे लागलं. नाई जमलं तं साहेब, मंग तुम्हीच फॉर्म घेऊन येजा."

हे रास्त आहे. घरी आल्यावर पौर्णिमाला जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिनं ऐकलं आणि टबाकडे बोट केलं. एका वर्गाला पट्ट्या किती लागतील त्याचा अंदाज घ्यायचा होता.

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांचं पत्र मिळालं. बसून, अर्धा ते पाऊण तास. बीपी १३२/८४. काठीनं फाटकापर्यंत दोनदा जाऊन आली. टाक्यातले पस्तीस दांडे कापले, टाकं बोडकं दिसतं. पट्ट्या भिजत घातल्या.

उजव्या हातात लाटणं धरण्याचा प्रयत्न करते. पडतं. पुन्हा उचलते. मी उचलून दिलेलं चालत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मी एक तोड काढली होती. तिनं कागद करून दाखवायचा आणि मी शेजारी उभं राहून माहिती सांगायची. तिच्या वहीवरून चार पानी भाषण तयार केलं. आज तिला वाचायला दिलं.

तिनं डाव्या हातात पेन्सिल घेतली. पहिलं पान खोडलं. दुसरं खोडलं. तिसऱ्यावर एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक होती, "गुंडाळी" ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ती दुरुस्त केली आणि मग तेही पान खोडलं. चौथं पान वाचलंच नाही.

"मी नको?" मी विचारलं.

तिनं दाराकडे बोट केलं. म्हणजे दाराबाहेर.

मला भीती वाटते. ४ ऑगस्टला शाळेतून फोन आला तेव्हा मी स्टँडवर जुन्या लोकांसोबत चहा पीत होतो. हातातला कप कुठे ठेवला ते आजही आठवत नाही. तसा फोन पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी मी तो फॉर्म भरला होता. हिरालाल सरांना सांगितलेली कारणं वेगळी होती. हे तिलाही सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. उजवा. डाव्यानं उचलून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सातवी, पाचवा तास. मी दाराबाहेर, व्हरांड्यात, बाकावर. दार उघडं होतं.

रिक्षातून उतरताना तिनं माझा हात घेतला, शाळेच्या पायरीवर सोडला. वर्गापर्यंत काठीनं गेली. मुलं उभी राहिली. "नमस्ते मॅडम" म्हणाली, नेहमीसारखं लांब सुरात, पण सूर मध्येच तुटला. तिचं तोंड अजून एका बाजूला ओढलेलं आहे, ते त्यांना दिसलं. अडतीस मुलं आणि मागच्या बाकावर हिरालाल सर.

ती खुर्चीत बसली. बोलायचा प्रयत्न केला. पहिला शब्द आला नाही. दुसऱ्यांदा केला. नाही आला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मी उठून दारापर्यंत गेलो. हिरालाल सरांनी खाली पाहिलं.

तिनं पिशवीतून तयार कागद काढला आणि खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला. पुढच्या बाकावरची मुलं वाकली, मग मागची उभी राहिली, मग सगळी खिडकीपाशी. "चौकड्या हायेत," कोणी म्हणालं. "कापडासारखं." "नाई बे, चटईसारखं."

मी परत बाकावर येऊन बसलो.

नंतर तिनं पट्ट्यांची बादली पुढे ओढली. चार गट, चार फळ्या. मुलांनी पट्ट्या मांडल्या. एका गटानं दोन्ही थर उभेच मांडले. तिनं वरची पट्टी उचलली, आडवी ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बाकीच्या काढल्या. अंकिता नावाची एक मुलगी, तिच्या पट्ट्या सारख्या सरकत होत्या. पौर्णिमानं आपला उजवा हात उचलून तिच्या फळीवर ठेवला, पट्टीच्या टोकावर. मुलगी थबकली, त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारून पुढची पट्टी लावली.

अंकितानंच विचारलं, "मॅडम, इजिप्तच्या लोकाईनं हे कुठी लिहून ठेवलं?"

पौर्णिमा थांबली. मला बाहेर घंटेच्या दोरीचा आवाज येत होता, वाऱ्यानं खांबाला लागत होती.

"नाई," ती म्हणाली. "लिहिलं."

"लिहूनच नाई ठेवलं? मंग तुमाले कसं समजलं?"

या वेळी फार वेळ लागला. हसलं कोणी नाही. त्या मुलीनं मान वर करून वाट पाहिली, जशी मुलं फळ्यावरचं गणित सुटायची पाहतात.

"करून," पौर्णिमा म्हणाली.

तास संपला. मुलं फळ्या उचलून वजनाखाली ठेवायला प्रयोगशाळेत गेली. हिरालाल सर मागच्या बाकावरून उठले, रुमालानं चष्मा पुसला, पुढे आले. सचिवांचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पुढच्या सोमवारी पुन्हा हाच तास ठेवू?"

ती खुर्चीतून उठली, काठी घेतली, उभी राहिली. मग म्हणाली, "सोम."

"हो, सोमवारीच."

"मंगळ," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मला दवाखान्यात सांगितलं होतं, की वार, आकडे, पाढे हे अशा पेशंटच्या तोंडून रांगेनं आपोआप निघतात, सुरू झालं की थांबत नाही, ते बोलणं समजायचं नाही. सरांना तसं सांगावं म्हणून मी पुढे झालो.

"बुध," ती म्हणाली. "गुरु." प्रत्येक वाराला काठी जमिनीवर टेकवत होती. "शुक्र. शनि."

आणि थांबली. मी वाट पाहिली. सरांनीही पाहिली. रविवार ती म्हणाली नाही.